हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की बँकेच्या पायरीवर सकाळी नऊपासूनच माणसं दिसू लागतात. शटर वर जायला अजून वेळ असतो. प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत पासबुक, आधार कार्डाची झेरॉक्स, पेन्शन पेमेंट ऑर्डरची (पीपीओची) घडीवर फाटत आलेली प्रत आणि चष्म्याचं घर. नंबर लागला की खिडकीपलीकडची मुलगी छोट्या यंत्रावर अंगठा टेकवायला सांगते. बहुतेकांचा लगेच उमटतो. एका आजींचा उमटत नाही. नवऱ्यामागे मिळणारं फॅमिली पेन्शन त्यांचं. बोटांवरच्या रेषा मात्र चाळीस वर्षं भांडी घासून घासून पुसट झालेल्या. "आजी, दुसरं बोट द्या." आजी बोट पदराला पुसतात, पुन्हा टेकवतात. मग मधलं बोट, मग डावा हात. पाचव्या खेपेला यंत्र मान्य करतं, आणि सरकारदरबारी आजी आणखी एक वर्ष हयात ठरतात.

पेन्शनरानं दरवर्षी द्यायचा हा हयातीचा दाखला २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' या नावानं डिजिटल झाला. आता मोबाइलला चेहरा दाखवूनही तो काढता येतो. तरीही माणसं रांगेत येतात, कारण रांगेत ओळखीचं कुणी भेटतं. भेटलं की पहिला प्रश्न तब्येतीचा आणि दुसरा ठरलेला: "मग, वेळ कसा जातो?" आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. तो शेतकऱ्याला कुणी विचारत नाही, घरच्या बाईला तर नाहीच. पगार थांबलेल्या माणसालाच विचारतात आणि तोही खाली बघत म्हणतो, "जातो कसाबसा." त्या 'कसाबसा'मध्ये किती दुःख असतं, हे या सभागृहातल्या पुष्कळांना सांगायला नको.

किती वेळाची ही गोष्ट आहे, ते आधी मोजलेलं बरं. इंग्रजी अमलापासून सरकारी नोकर ५५ व्या वर्षी घरी जात असे. केंद्र सरकारनं हे वय १९६२ मध्ये ५८ आणि १९९८ मध्ये ६० केलं. महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ते अजून ५८ च आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं, पण पेन्शनीत निघालेला माणूस फार दिवसांचा सोबती नाही असंच धरलं जाई. आज साठी गाठलेल्या भारतीयापुढे सरासरी सुमारे १८ वर्षं असतात. मूल पहिलीत घातल्यापासून ते एम.ए. होऊन बाहेर पडेपर्यंत १७ वर्षं लागतात. म्हणजे एक अख्खं शिक्षण पुरं होईल एवढा काळ पुढ्यात पडलेला असतो, आणि त्यासाठी ना अभ्यासक्रम, ना वेळापत्रक, ना सकाळी हजेरी घेणारं कुणी. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं सुमारे १०.४ कोटी होती. महाराष्ट्रात तेव्हाच दर दहा माणसांत जवळजवळ एक ज्येष्ठ होता.

मराठी रंगभूमीनं आणि चित्रपटानं या काळाकडे पाहिलं ते बहुधा कळवळून. राजा परांजपे यांच्या 'ऊन पाऊस'मधला निवृत्त शिक्षक, शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर, जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मधलं मुलांची वाट पाहणारं जोडपं. या कलाकृतींनी जे दाखवलं ते खोटं नाही. अप्पांनी सगळं मुलांच्या नावे करून टाकलं. अशी चूक करणारे आजही आहेत, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या २३ व्या कलमाचा आधार घेऊन दिलेलं घर परत मागण्याची वेळ काहींवर येते. मात्र एक बाजू या चित्रात राहून गेली. निवृत्तीनंतर माणूस काय भोगतो हे आपण खूप पाहिलं. तो काय करतो, याकडे तेवढ्या बारकाईनं पाहिलं नाही.

इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचं उदाहरण यासाठी मोलाचं आहे. जन्म १८६५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. बी.ए. होऊन १८८९ मध्ये ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे नोकरीला लागले. महाराजांना वाचून दाखवणं, राजपुत्रांना शिकवणं, परदेशच्या दौऱ्यांत बरोबर जाणं अशी त्यांची नोकरी होती. राजपुत्रांना शिकवताना इतिहासाचं नीट पुस्तक मिळेना, म्हणून टिपणं काढायला सुरुवात झाली आणि त्यांतून 'रियासत' ही इतिहासग्रंथांची मालिका उभी राहिली. १९२५ मध्ये साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि पुणे-लोणावळा मार्गावरच्या कामशेतला, इंद्रायणीच्या काठी, घर करून राहिले. श्यामकांत हा त्यांचा मुलगा उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेला होता. तो तिकडेच वारला. वडिलांनी पुढे त्याची पत्रं गोळा करून छापली. नोकरी संपलेली, मुलगा गेलेला, राहणं आडगावी. 'संध्याछाया'चा पडदा अशाच घरावर पडतो.

सरदेसायांच्या बाबतीत पुढे काय झालं ते सविस्तर सांगायला हवं. मुंबई सरकारनं पुण्याचं पेशवे दप्तर अभ्यासकांसाठी खुलं करायचं ठरवलं आणि त्यातून निवडक कागद छापण्याचं काम सरदेसायांकडे आलं. दप्तर म्हणजे रुमालांच्या राशीच राशी. मातकट कापडात बांधलेला एकेक रुमाल सोडायचा, आत दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या मोडी कागदांचा गठ्ठा. कुठे कसर लागलेली, कुठे शाई पसरलेली, कुठे पत्राचा पहिला बंद आहे तर शेवटचा दुसऱ्याच रुमालात. वाचता आलं तरी काळ लागत नाही, कारण तारीख सरळ लिहिलेली नसते. 'इहिदे सबैन मया व अलफ' अशी अक्षरं येतात. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. उलटीकडून मांडलं की सुहूर सन ११७१. त्यात ५९९ मिळवायचे की ६००, हे पत्र मृगाच्या आधीचं की नंतरचं यावर ठरतं, कारण सुहूर सन मृगाला बदलतो. शिवाय दिवस चांद्र महिन्याचा. एवढं सगळं जुळलं तर १७७० किंवा १७७१ मधला एक दिवस हाती येतो, आणि मग त्या दिवशी माधवराव पेशवे कुठे होते ते ताडून पाहायचं. एका पत्रासाठी एखादी दुपार सहज जावी.

असे ४५ खंड निघाले. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात, सरदेसाई पासष्ट ते एकोणसत्तर वर्षांचे असताना. पुढे इतिहासकार जदुनाथ सरकारांबरोबर पुण्याच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचं काम झालं. जदुनाथ कामशेतला येऊन राहत आणि दोघे मित्र कागदांवर वाद घालत. मराठ्यांचा इंग्रजीतला तीन खंडांचा इतिहास १९४६ ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लेखक ८१ ते ८३ वर्षांचा होता. १९५७ मध्ये पद्मभूषण, १९५९ मध्ये कामशेतलाच शेवट.

या हकिगतीत प्रतिभेपेक्षा दुसरी एक गोष्ट उठून दिसते. निवृत्तीच्या दिवशी सरदेसायांनी 'आता काय करू' असं कुणाला विचारलं नाही, कारण 'मुसलमानी रियासत' १८९८ मध्येच छापून झाली होती. सत्तावीस वर्षं आधी. काम नोकरीच्या पोटात वाढत होतं. नोकरी संपली तेव्हा ते फक्त मोकळं झालं. आणि दुसरं असं की रुमाल वाट पाहत होते. ते कुणीतरी सोडल्याशिवाय सुटणार नव्हते.

महर्षी कर्व्यांकडे पाहिलं की हेच आणखी ठळक होतं. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला ते १८९१ मध्ये लागले. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. दिवसभर गणित शिकवून संध्याकाळी हा माणूस पायी हिंगण्याची वाट धरी, पावसाळ्यात चिखल तुडवत, हातात आश्रमाचं सामान घेऊन. कॉलेजातून ते १९१४ मध्ये निवृत्त झाले. भारतीय महिला विद्यापीठ स्थापन झालं ते १९१६ मध्ये, कर्वे ५८ वर्षांचे असताना. राज्य सरकारचा कर्मचारी आज ज्या वयात निरोपसमारंभाची शाल आणि नारळ घेऊन घरी येतो, नेमक्या त्याच वयात. पहिल्या वर्षी कॉलेजच्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या. चार वर्षांनी विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं. एकाहत्तराव्या वर्षी कर्वे युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केलं आणि त्यासाठी दारोदार वर्गणी मागितली. शहाऐंशीव्या वर्षी समता संघ.

त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांनीही संस्थेसाठी हिंडून पैसे जमवले. त्यांचं 'माझे पुराण' ज्यांनी वाचलं असेल त्यांना ठाऊक आहे की त्या घरात निवृत्तीची तारीख फक्त एकाच्या नावावर होती.

कुणी म्हणेल, ही डोंगराएवढी माणसं; आमचं काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याकडे यायचं. समोर बसलेल्या अनेकांनी त्यांना पाहिलेलं आहे. निवृत्त झाल्यावर ते रोज दुपारी तीनला वाचनालयात येत आणि फाटलेली पुस्तकं दुरुस्त करत. घरून स्टीलच्या डब्यात कणकेची खळ करून आणत. तिला कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेलं असे. पुठ्ठा कापायचा, पाठीवर कापडाची पट्टी चिकटवायची, वर जुन्या कॅलेंडरचा उलटा कागद, त्यावर वळणदार अक्षरात पुस्तकाचं नाव. दिवसाला दोन पुस्तकं, फार तर तीन. ती सुकायला विटेखाली ठेवून साडेपाचला घरी. त्यांना कुणी 'वेळ कसा जातो' असं विचारलेलं आठवत नाही. "अमुक कादंबरी झाली का हो बांधून?" असं मात्र रोज कुणी ना कुणी विचारी.

दोन प्रश्नांतलं अंतर एवढंच आहे, आणि ते फार मोठं आहे.

पुण्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही पेन्शनरांच्याच बळावर भरते. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, महापालिकांची विरंगुळा केंद्रं आहेत. डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत सुरू केलेले हास्यक्लब बागाबागांतून पसरले. या सगळ्यांचं महत्त्व कमी लेखण्याचं कारण नाही. सकाळी सहाला टेकडीवर ठरलेल्या वळणावर एखादा दिसला नाही तर दुपारपर्यंत त्याच्या घरी फोन जातो. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी तो फोन औषधाइतकाच गरजेचा आहे. तरीही 'विरंगुळा' हा शब्दच बोलका आहे. विरंगुळा कामातून हवा असतो. काम नसताना नुसता विरंगुळा सकाळी आठला संपतो, आणि रात्रीचे दहा वाजायचे राहतात.

पेन्शनरांनी पेन्शनरांसाठी केलेलं काम या संदर्भात सांगायला हवं. १९७९ मध्ये केंद्र सरकारनं पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरतंच. डी. एस. नकारा हे आधीच निवृत्त झालेले अधिकारी या भेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. एच. डी. शौरी या निवृत्त सनदी अधिकाऱ्यानं १९८० मध्ये काढलेली 'कॉमन कॉज' ही संस्था त्यांच्या बरोबर होती. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठानं १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला: पेन्शन ही सरकारनं मर्जीनं टाकलेली भीक नाही, केलेल्या सेवेपोटी मिळालेला हक्क आहे. १७ डिसेंबरला पेन्शनर्स डे पाळतात तो यासाठी. आज नोव्हेंबरच्या रांगेत उभी असलेली माणसं ताठ मानेनं खिडकीशी जातात, त्यामागे घरी बसलेल्या माणसांनी निवृत्तीनंतर लढलेला हा दावा आहे.

पण रांगेत उभं राहायलाच न मिळालेले कितीतरी आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. चाळिशीतला जॉबर, साचेवाला, ज्याच्या हाताला मागाचा ताल बसलेला, तो एका दिवसात निवृत्त झाला. शाल नाही, नारळ नाही. कुणी कोकणात परतला, कुणी साताऱ्याकडे, कुणी नाक्यावर भाजीची पाटी मांडली. रांगेत जागा मिळालेल्यांनीही काही गमावलं. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. त्यांना पैसे मिळाले, पेन्शनही आहे. पण पन्नाशी ओलांडलेला लाइनमन, ज्याला गावातल्या प्रत्येक खांबाची खोड माहीत होती, त्याची ती माहिती त्याच्याबरोबर घरी गेली. त्या माहितीची आता कुणाला गरज नाही, हे त्याला सर्वांत जास्त लागतं.

आणि ज्यांना निवृत्ती नावाची गोष्टच नाही, ते? हमाल, मोलकरणी, शेतमजूर. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेच्या रूपानं हाच प्रश्न दिल्लीपर्यंत नेला. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब म्हाताऱ्याला केंद्र सरकारकडून मिळणारे महिना २०० रुपये कित्येक वर्षांत वाढलेले नाहीत. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत महिना १५०० रुपये मिळतात. इतक्यात घर भागत नाही, म्हणून सत्तरीतला हमाल पाठीवर पोतं घेतोच. त्याला 'जीवनाचं उद्दिष्ट शोधा' असं सांगणं क्रूर आहे. त्याला आधी बसायला मिळू दे.

घरातल्या बाईचंही तसंच. नवरा निवृत्त होतो तेव्हा तिचं काम कमी होत नाही, वाढतं. अकरा वाजता दुसरा चहा, दीडला गरम पोळी, आणि दिवसभर "हे असं का ठेवलंय?" ज्या घरात निवृत्त गृहस्थांनी सकाळचा चहा, भाजी निवडणं आणि कुकर आपल्याकडे घेतला, त्या घरात साठीनंतर संसार नव्यानं जमल्याचं पाहायला मिळतं. ही लहान गोष्ट नाही. दोन तास बाईच्या हाती मोकळे आले तर ती काय करते, हे पाहण्यासारखं असतं.

मोडीच्या वर्गात ते दिसतं. पुण्यात आणि राज्यात इतरत्र मोडी शिकवणारे वर्ग चालतात आणि तिथे निम्मे-अधिक विद्यार्थी पिकल्या केसांचे असतात. सरदेसायांनी उघडलेल्या दप्तरातले कोट्यवधी कागद अजून न वाचलेले आहेत. कुठे जमिनीचा वाद, कुठे देवस्थानचं इनाम, कुठे आजोबांच्या नावाचा फेरफार, आणि ते वाचून देणारी माणसं थोडी. अशाच एका वर्गात दुसऱ्या रांगेत बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई बसत. पहिल्या दिवशी त्यांनी वहीत तारीख घालून लिहिलं होतं: मंगळवार, शुक्रवार, चार ते सहा. घरी सांगून टाकलं होतं की या वेळेत नातवाला शाळेतून आणायला आजोबा जातील. आजोबांनी आधी कुरकुर केली, मग जाऊ लागले, मग शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या इतर आजोबांशी त्यांची ओळख झाली.

बाईंना 'क' आणि 'फ' ओळखता येईना. महिनाभर त्या अडखळल्या. बँकेत असताना सहीच्या वळणावरून माणूस ओळखायची सवय. ती सवय एके दिवशी उपयोगी पडली आणि एका कुलकर्ण्याचं अक्षर त्यांना दिसू लागलं. वाचलेलं नव्हे, दिसलेलं: हा माणूस घाईत आहे, हा दौत पुरती बुडवत नाही. नंतरच्या शुक्रवारी शिक्षकांनी एक अर्धवट फाटलेलं पत्र फळ्यावर टाकलं आणि काळ काढायला सांगितला. वर्ग शांत. बाईंनी बोटांवर मोजलं, वहीच्या समासात बेरीज मांडली, खोडली, पुन्हा मांडली. पत्रात पेरणीचा उल्लेख होता, म्हणजे मृग लागून गेलेला. सहाशे नव्हे, पाचशे नव्याण्णव.

"सतराशे एकाहत्तर नाही हो सर," त्या उभ्या राहून म्हणाल्या, "सत्तर. सतराशे सत्तर."